विमचे प्लगिन्स माणसागणिक लावताना: तिसरा आठवडा

घरी संगणक एक, लॉगिन एकच आणि विम हा टेक्स्ट एडिटर वापरणारे तिघं: मी, बायको आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला भाचा. आधी मी प्लगिन्सचे (विमला वरून जोडायच्या सोयींचे) गट कामानुसार पाडले होते: गिटचे (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन), रंगांचे, भाषांचे. दिसायला झकास, पण बायकोला लेख लिहायचा असेल तर काय काय चालू ठेवायचं, हे त्यातून कळेना. म्हणून या खेपेला गट माणसांच्या नावाने.

विम 8 पासून पॅकेजची सोय आतच आहे. पॅक फोल्डरमध्ये आपल्याला हवं ते नाव, त्याच्या आत स्टार्ट नाहीतर ऑप्ट. मी ‘सगळे’, ‘लेखन’, ‘भाचा’, ‘मी’ अशी फोल्डरं केली, ज्याचं त्याचं सामान स्टार्टमध्ये टाकलं आणि खूश झालो. काय काय लोड झालंय ते दाखवणारी स्क्रिप्टनेम्स कमांड देऊन बघतो तर सगळ्यांचं सगळं हजर! मधल्या नावाशी विमला देणंघेणं नाही. स्टार्टमध्ये दिसेल ते तो उचलतो. एक संध्याकाळ पाण्यात.

मग ‘सगळे’ सोडून बाकीचं ऑप्टमध्ये हलवलं, तिथलं सांगितल्याशिवाय लोड होत नाही. तिघांना तीन एलियस (कमांडची टोपणनावं). एलियस ‘कोण’ हे व्हेरिएबल भरून विम उघडतो, ते पाहून विमआरसी (विमची सेटिंग्जची फाइल) पॅकअ‍ॅड करते, म्हणजे ऑप्टमधलं हवं ते प्लगिन मागवते. विमआरसीत पॅकअ‍ॅडला उद्गारचिन्ह जोडा. त्याने फोल्डर फक्त रनटाइमपाथमध्ये (विम जिथे फाइली शोधतो त्या यादीत) जातं, प्लगिन मागाहून लोड होतो, आणि तोवर तुमची सेटिंग्ज लागलेली असतात.

बायकोला गोयो (लिहिताना बाकीचा पसारा झाकणारा प्लगिन) आणि लाइनब्रेक (शब्द न तोडता ओळ वळवणारी सेटिंग), बस्स. (जोडाक्षरं फुटत होती, पण तो दोष टर्मिनलचा निघाला.) भाच्याला कोडमधल्या चुका दाखवणारं एएलई दिलं, तर दुसऱ्याच दिवशी तक्रार: “मामा, माझी ओळ अर्धीच झालीये, एस्केप दाबला की हा लगेच लाल करतो.” बरोबर होतं त्याचं. आता त्याच्याकडे तपासणी फक्त सेव्ह केल्यावर होते, माझ्याकडे जुनीच पद्धत. म्हणजे एकच प्लगिन दोघांना द्यायचा तर सेटिंगही माणसागणिक लिहावी लागते.

काल भाच्याने गिट शिकायला घेतलं. गिटसाठीचा फ्युजिटिव्ह प्लगिन माझ्या फोल्डरात, त्याची आणखी एक प्रत करावी म्हणून बसलो होतो. गरजच नव्हती. पॅकअ‍ॅड नाव घेऊन सगळ्या ऑप्ट फोल्डरांत शोधतो. त्याच्या यादीत एक ओळ वाढवली, चाललं.