रॉ की जेपेग : कैलास लेण्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत

कॅमेरा घेतल्यावर पहिली दोन वर्षे मी फोटो कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवायचा हे ठरवणाऱ्या त्यातल्या 'इमेज क्वालिटी' या मेनूकडे फिरकलोही नव्हतो. जेपेगमधला फोटो लगेच दिसतो आणि लगेच पाठवता येतो, एवढे मला पुरेसे होते. जालन्याहून वेरूळ फार दूर नाही. एका रविवारी दुपारी मी कैलास लेण्यात गेलो आणि तेथे माझे हे समाधान संपले. अंगणातला बेसाल्ट उन्हात तळपत होता, तर सोळा खांबांच्या मंडपात डोळे सरावेपर्यंत काही दिसत नव्हते. मंडपातून दाराकडे तोंड करून घेतलेल्या फोटोत खांब जेमतेम उमटले आणि बाहेरचा उजेड कोऱ्या कागदासारखा पांढरा झाला. घरी संगणकावर खांब उजळवून पाहिले, तेव्हा दगडाच्या पोताऐवजी चौकोनी डाग वर आले.

या चौकोनांचे कारण शोधताना मी रॉपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची नोंद जवळजवळ जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलपर्यंत, पोहोचलो. 1992 मध्ये प्रमाणित झालेली जेपेगची पद्धत चित्राचे 8×8 बिंदूंचे तुकडे पाडते आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील टाकून देते. शिवाय प्रत्येक रंगाच्या गडद ते फिकट अशा केवळ 256 पायऱ्या ठेवते. माझा कॅमेरा रॉमध्ये 14 बिट, म्हणजे 16,384 पायऱ्या नोंदवतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग कसाही असला तरी पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून केलेली जुळवणी), कॉन्ट्रास्ट, शार्पनेस हे जेपेगमध्ये कॅमेराच ठरवून मोकळा होतो. रॉमध्ये ते नुसते टिपण म्हणून सोबत राहतात आणि निर्णय आपल्याकडे येतो. जेपेग म्हणजे शिजवून वाढलेले ताट आणि रॉ म्हणजे शिधा, अशी तुलना मी तेव्हापासून करतो.

पुढच्या खेपेला अजिंठ्याला मी फक्त रॉ वापरले. चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि उजेड अगदी मंद असतो, त्यामुळे आयएसओ, म्हणजे मंद उजेडातही फोटो यावा म्हणून वाढवायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, 3200 च्या खाली उतरता आले नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी (हाती कमळ धरलेला बोधिसत्त्व) कॅमेऱ्याच्या पडद्यावर हळदीने माखल्यासारखा दिसत होता. घरी डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्स बदलला आणि पिवळ्या थराखालून मुकुटाचे बारकावे आणि त्वचेचा तांबूस रंग वेगळे झाले. मात्र रॉ ही जादू नव्हे, हेही तेथेच कळले. लेण्याच्या दाराशी जेथे ऊन सेन्सरच्या क्षमतेपलीकडे गेले होते, तेथे रॉमध्येही काहीच शिल्लक नव्हते. तेव्हापासून मी एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा उजेड, उजळ भाग पांढरे पडणार नाहीत एवढाच ठेवतो आणि अंधार नंतर उजळवतो.

या उत्साहातच सेलूजवळच्या एका गावी भाचीचे लग्न आले. मी 32 जीबीचे एकच कार्ड घेऊन गेलो. एक रॉ फाइल सुमारे 28 एमबीची, म्हणजे हिशेबाने अकराशेच्या आसपास फोटो बसणार होते. तेवढे पुरतील असे मी धरून चाललो. आदल्या दिवशीच्या हळदीतच निम्मे कार्ड संपले आणि अक्षता पडत असताना पडद्यावर 'कार्ड फुल' असे आले. वऱ्हाडासमोर उभे राहून हळदीचे फोटो एकेक करून पुसण्याची ती पाच मिनिटे मी विसरलेलो नाही. रात्री मंडळींनी व्हॉट्सॲपवर फोटो मागितले, तर माझ्याकडे द्यायला एकही तयार फोटो नव्हता. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका स्टुडिओत कार्ड नेले. तेथल्या जुन्या सॉफ्टवेअरला माझ्या कॅमेऱ्याच्या फाइली उघडताच येईनात.

तरीही ते फोटो रॉमध्ये होते हे बरेच झाले. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेल्या उजेडाने सर्वांचे चेहरे केशरी केले होते आणि ते नंतर दुरुस्त करता आले. जेपेगमध्ये इतका रंग ओढला असता, तर गालांवर पट्टे उमटले असते.

आता माझा कॅमेरा समारंभात रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवतो आणि खिशात 64 जीबीची दोन कार्डे असतात. जेपेग त्याच रात्री वाटायला चांगले निघावे म्हणून सुरुवातीलाच व्हाइट बॅलन्स हाताने ठरवतो. त्यासाठी एकदा मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराचा आधार घेतला. त्याला नीळ दिलेली होती, त्यामुळे कॅमेऱ्याने निळेपणाची भरपाई केली आणि सगळे वऱ्हाड पिवळसर झाले. आता व्हाइट बॅलन्स ठरवण्यासाठी पिशवीत करडे कार्ड, म्हणजे कोणत्याही रंगाची झाक नसलेला करडा पुठ्ठा, ठेवतो. शेतातले पीक, पोळ्याचे बैल, कागदपत्रांचे फोटो यांसाठी केवळ जेपेग लावतो, कारण त्यांवर पुन्हा बसून काम करायचे नसते. लेण्यांत मात्र केवळ रॉ.

लग्नाच्या रॉ फाइलींपैकी चाळीसेक ठेवून बाकीच्या महिन्याभराने पुसतो. अजिंठ्याच्या सगळ्या मात्र दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि त्यांतला पद्मपाणी मी आतापर्यंत तीनदा नव्याने उजळवला आहे.