पंचेचाळीसची कमाल, आणि टॅक्सीला का उशीर झाला

मंडळी, या पावसाळ्यात साधं सुडोकू बाजूला ठेवून किलर सुडोकू धरलं. त्याबरोबर एक अटही घातली: अंदाजाने आकडा टाकायचा नाही. घरात जाणाऱ्या प्रत्येक आकड्यामागचं कारण एका वाक्यात, तोंडी, समोरच्याला पटेल असं सांगता आलं पाहिजे. कारण सांगता येत नसेल तर घर रिकामं राहील. त्यामुळे वेग कमी झाला, पण मजा कितीतरी वाढली.

माझा बहुतेक सराव मुलुंड ते सीएसएमटी या प्रवासात होतो. दादरपर्यंत उभं राहावं लागतं, तिथे पेन्सिल चालवायला हात मोकळा नसतो. म्हणून तोवर नुसत्या बेरजा करायच्या आणि दादरला गाडी रिकामी झाली की घडी घातलेला कागद काढायचा, असं ठरून गेलंय. किलरला ही पद्धत फार मानवते, कारण त्यात सुरुवातीला आकडे दिलेलेच नसतात. तुटक रेघांनी वेढलेले घरांचे गट, म्हणजे केज, असतात आणि प्रत्येक केजच्या कोपऱ्यात त्याची बेरीज. बाकी सगळं तुमच्या डोक्यात.

आणि डोक्यात सगळ्यात आधी ठेवायचं ते ४५. १ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून प्रत्येक आडवी ओळ ४५, उभी ओळ ४५, नऊ घरांचा चौकोन ४५. एखाद्या चौकोनात पूर्ण मावलेल्या केजची बेरीज ३८ येत असेल आणि एकच घर बाहेर उरलं असेल, तर तिथे ७. संपलं. दोन ओळी एकत्र घेतल्या तर ९०, तीन घेतल्या तर १३५. नवीन मंडळी एकाच चौकोनात अडकून बसतात. त्यांना माझं सांगणं आहे की दोन-दोन, तीन-तीन ओळी एकदम मोजा. अवघड कोड्यांची दारं बहुधा तिथेच उघडतात. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९, १६ म्हणजे ७ आणि ९, ४ म्हणजे १ आणि ३. तीन घरांत २३ म्हणजे ६, ८, ९. एवढं पाठ असलं तरी अर्धा प्रवास सुखाचा जातो.

या महिन्यातला सगळ्यात मोठा आनंद मात्र बेरजेचा नव्हता. फिस्टोमेफेल या नावाने कोडी रचणाऱ्या जर्मन रचनाकाराच्या नावावरून ओळखलं जाणारं एक कडं आहे. सुडोकूच्या मधल्या चौकोनाला वेढणारी १६ घरं घ्या. आता चार कोपऱ्यांतले दोन बाय दोनचे तुकडे घ्या, तीही १६ घरं. या दोन्ही गटांत तेच आकडे, तितक्याच वेळा असतात. कुठल्याही सुटलेल्या सुडोकूत! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातल्या सगळ्या जुन्या कोड्यांवर ताडून पाहिलं. मग सिद्धता समजून घेतली, ती इतकी सरळ आहे की इथे देतोच. तिसरी आणि सातवी आडवी ओळ, शिवाय मधल्या पट्ट्यातला डावा आणि उजवा चौकोन रंगवा. हे १ ते ९ चे चार पूर्ण संच झाले. दुसऱ्या रंगाने पहिली, दुसरी, आठवी, नववी उभी ओळ रंगवा. हेही चार पूर्ण संच. दोन्ही रंग ज्या २० घरांत पडले ती दोन्हीकडून काढून टाका. समान गोष्टींतून समान वजा केलं, तर उरलेलंही समानच. एका रंगाचं कडं उरतं, दुसऱ्याचे कोपरे. यात एकही आकडा माहीत असावा लागत नाही. मला तर ही सुडोकूतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता ४५ कडे परत, कारण इथून गंमत सुरू होते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आपल्या पाढ्यांचा एक ते नऊचा तक्ता घ्या, ८१ गुणाकारांची बेरीज करा: तीही २०२५. वर्गाचे तुकडे करून जोडले की मूळ संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. २९७ घेतली तर वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले, देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले आणि आयुष्यभर संख्यांशी खेळले. त्यांच्या डेम्लो संख्यांची कल्पना त्यांना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. १, १२१, १२३२१ ही त्यातलीच मंडळी: १, ११, १११ यांचे वर्ग. डहाणू पश्चिम रेल्वेवर, डोंबिवली मध्य रेल्वेवर. म्हणजे दोन्ही मार्गांवरच्या प्रवाशांनी कापरेकरांवर हक्क सांगायला हरकत नाही.

त्यांचं ६१७४ आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. मी दोन संख्या घेतल्या. एक १८५३, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते वर्ष:

८५३१ − १३५८ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पाच पायऱ्या. दुसरी १७२९, म्हणजे इंग्रज गणिती हार्डी आजारी रामानुजनना भेटायला ज्या टॅक्सीतून गेले तिचा नंबर. १२ व १ यांच्या घनांची बेरीज आणि १० व ९ यांच्या घनांचीही. तिचा प्रवास असा: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पूर्ण सात पायऱ्या, म्हणजे लागू शकतात तितक्या सगळ्या! आगगाडी पाचात पोहोचली आणि टॅक्सी सातात. मुंबईकरांना याचं स्पष्टीकरण लागत नाही. ऑफिसात फळ्यावर लिहून दाखवलं, तर हिशेबखात्यातले दोघे जेवण सोडून आपापल्या गाड्यांचे नंबर तपासायला बसले.

पण हसून झाल्यावर कारणही हवंच. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ माना. वजाबाकी येते ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). म्हणजे चारही अंक लागतच नाहीत, दोन फरक पुरतात. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका, अशा एकूण ५४ जोड्या. पहिल्या पायरीतच हजारो संख्या चोपन्न जागांत गोळा होतात. चौकटीच्या वहीत त्या जागा आखून प्रत्येकीतून पुढच्या जागेकडे बाण काढला की सगळे बाण शेवटी (६, २) या एका जोडीत उतरतात. ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४, आणि ७, ६, ४, १ या अंकांचे फरक पुन्हा ६ आणि २. मुलांना शिकवायचं असेल तर तीन अंकांपासून सुरू करा: तिथे फक्त नऊ शक्यता आहेत आणि मुक्काम ४९५.

मुलांवरून भाचीचं सांगतो. ती पाचवीत आहे आणि तिला अक्षरकोडी हवी असतात. तिच्यासाठी एक रचलं:

काका + मामा = सरस

प्रत्येक अक्षरासाठी एक अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा, आणि कुठलीही संख्या शून्याने सुरू होत नाही. काका आणि मामा दोघेही अकराच्या पटीत, म्हणून सरसही अकराच्या पटीत. दोन अंकी दोन संख्यांची बेरीज दोनशेच्या आत, म्हणून स = १, मग र = २. सरस म्हणजे १२१, आपली डोंबिवलीवाली! तिने हे सगळं स्वतः काढलं आणि मग विचारलं, "मामा, पण मोठा कोण? काका का तू?" ते मात्र ठरत नाही. का आणि मा मिळून ११ इतकंच कळतं. २ आणि ९ बाद, कारण २ र ने घेतला. राहतात ३-८, ४-७, ५-६, उलटसुलट धरून सहा उत्तरं. चांगल्या कोड्याला उत्तर एकच हवं, म्हणून एक जादा अट लागेल, असं मी म्हटलं. तिने जरा विचार करून अट लिहिली: मामाला आठने पूर्ण भाग जातो. मामा ८८, काका ३३. कोडं पक्कं झालं. ही अट तिने का निवडली ते विचारायची गरजच पडली नाही.

पुढच्या महिन्यात ते कडं आणि कोपरे वापरून स्वतःचं एक किलर रचायचं आहे. मधल्या चौकोनाभोवतीच्या केजची बेरीज देऊन कोपऱ्यांतले आकडे काढायला लावायचे. कुणी असं रचलं असेल तर केज किती मोठे ठेवले ते जरूर सांगा.

तोवर हे घ्या. भाचीचा मोठा भाऊ रुसला, म्हणून त्यालाही आत घेतलं:

काका + मामा + दादा = सरस

नियम तेच, आठची अट मात्र काढली. तिघे कोण कोण ते पूर्ण ठरत नाही, पण सरस एकच येतं आणि ते १२१ नाही. शिवाय का, मा, दा या तिघांत एक अंक हमखास असतोच. दोन्ही कारणासकट कळवा.