चेनला काय लावायचं? पुण्याची धूळ, पाऊस आणि रेस, माझा अनुभव

टायर, बिब शॉर्ट्स, पॉवर मीटर यावर आमच्या सायकलिंग ग्रुपमध्ये तासन्‌तास चर्चा चालते पण चेनला काय लावता विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "असेल ते". मला ते पटेना. डेक्कन क्लिफहँगरला रिले टीममध्ये नाव दिलं होतं, पुणे ते गोवा ६४३ किमी, रेस नोव्हेंबरात, म्हणजे ट्रेनिंग उन्हाळ्याच्या धुळीत सुरू होऊन अख्ख्या पावसाळ्यातून जाणार. वंगणाची एकच बाटली या सगळ्याला पुरेल का हे मला शोधायचं होतं.

आधी समजून घेतलं की ल्युब, म्हणजे वंगण, लागतं कुठे. बाहेरून चेन कितीही चमकली तरी त्याचा उपयोग नाही, घर्षण होतं ते आत, पिन आणि आतल्या प्लेटच्या मध्ये आणि रोलरच्या खाली. तिथे तेलाबरोबर बारीक माती शिरली की पॉलिश पेपरसारखं काम सुरू, पिन झिजते, चेन लांबते. ११-१२ स्पीडची (मागे ११-१२ गिअर असलेली) चेन ०.५ टक्के वाढली की बदलायची, नाहीतर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चक्रांचे, दातपण खाते, आणि कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग.

मग टेस्ट वाचत बसले. अमेरिकेतल्या जेसन स्मिथने फ्रिक्शन फॅक्ट्स नावाने लॅबमध्ये वेगवेगळ्या ल्युबमध्ये किती वॉट वाया जातात ते मोजलं होतं, त्यात साधं पॅराफिन मेण अगदी वरच्या नंबरात होतं (२०१६ मध्ये सिरॅमिकस्पीडने ती लॅब विकत घेतली). चांगल्या आणि वाईट ल्युबमध्ये काही वॉटचा फरक, रेसमध्ये तो मोठाच. पण मला जास्त कामाचं वाटलं ते ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडम केरिनचं झिरो फ्रिक्शन सायकलिंग. तो चेन नुसती स्वच्छ चालवत नाही, काही टप्प्यांत मुद्दाम कोरडी माती टाकतो, काही टप्प्यांत ओला चिखल, आणि मग झीज मोजतो. बोपदेव घाटात रस्त्याचं काम चालू असताना जे होतं तेच की हे! त्याच्या टेस्टमध्येही गरम मेणात बुडवलेल्या चेन खूप कमी झिजतात.

आता पर्याय. वेट ल्युब पावसात टिकतं पण धूळ ओढून घेतं, कोरड्या रस्त्यावर दोन राईडमध्ये चेन काळी. ड्राय ल्युब स्वच्छ राहतं पण लवकर उडतं, लांब राईडच्या शेवटी चेन कुरकुरायला लागते. बाटलीतलं ड्रिप वॅक्स चांगलं, फक्त ते आदल्या रात्री लावायचं, कारण त्यातलं पाणी उडून गेल्यावरच मेण आत बसतं, सकाळी निघताना लावून काही फायदा नाही. आणि चौथं, चेन काढून वितळलेल्या मेणात बुडवणं. मी हे निवडलं.

सायकलच्या दुकानातले काका म्हणाले, "ताई, नवीन चेनला कंपनीचं ग्रीस असतं, तेच ठेवा, चांगलं असतं." ग्रीस चांगलं असतं हे खरं, पण ते चिकट, आणि ते आत असेपर्यंत मेण धातूला धरत नाही. म्हणून नवीन चेन बरणीत टर्पेंटाईन घालून हलवायची, काळं झालं की बदलायचं, स्वच्छ दिसेपर्यंत परत परत, मग शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायची. कंटाळवाणं काम आहे पण खरी मेहनत इथेच, मेणाचा भाग सोपा. हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब.

मेणबत्त्या करणारे वापरतात ते पॅराफिन रविवार पेठेत मिळालं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा डबा, डब्यात मेण. डबा थेट आचेवर ठेवायचा नाही, मेण पेट घेऊ शकतं. पूर्ण वितळलं की चेन तारेला अडकवून सोडायची आणि हलवत राहायची, बुडबुडे येतात ती आतली हवा, ते थांबले की मेण पिनपर्यंत पोचलं. मग आच बंद, मेण थोडं गार होऊन वर साय धरायला लागली की चेन बाहेर काढून टांगायची. गार झाल्यावर चेन काठीसारखी कडक होते, रॉडवर फिरवून एकेक लिंक मोकळी करायची.

कोरड्या हवेत साधारण ३०० किमी निघतात, मग परत डबा. हात काळे होत नाहीत, घरात सायकल ठेवणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. सिंहगडाच्या चढावर चेनचा आवाज येत नाही हे सुख मला वॉटपेक्षा मोठं वाटतं.

पाऊस सुरू झाला आणि प्रश्न बदलला. मेणाची चेन भिजली आणि तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी गंज. रोज बुडवणं नोकरी करून शक्य नाही, म्हणून जून ते सप्टेंबर वेगळी चेन, वेट ल्युब, प्रत्येक रोलरला एकच थेंब, आणि घरी आल्यावर जुन्या बनियनने बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. एकाच चेनवर तेल आणि मेण आलटून पालटून लावू नका, दरवेळी टर्पेंटाईनपासून सुरुवात करावी लागते. दोन चेन ठेवल्या की प्रश्न मिटतो.

रेससाठी मेणाचीच चेन, पण आदल्या रात्री बुडवलेली नाही. नवीन मेण सुरुवातीला कडक असतं, बाहेरचे पापुद्रे झडतात, म्हणून दोन दिवस आधी बुडवून एक छोटी राईड मारून घेतली. नोव्हेंबरातही घाटात पाऊस येऊ शकतो, म्हणून सपोर्ट गाडीत वेट ल्युबची छोटी बाटली, फडकं, क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आणि तिची पक्कड ठेवली. माझ्या टप्प्यात रस्ता कोरडा मिळाला, बाटली उघडलीच नाही.

मेणाच्या चेनमध्ये झीज मोजायचा ०.५ चा गेज अजून आत जात नाही, म्हणजे चेन तेवढी वाढलेली नाही. पावसाळ्यातली चेन मात्र पुढच्या जूनआधी बदलावी लागेल असं दिसतंय.