17 दिवस बंद नेट आणि माझा पायथनचा कोर्स

सर्टिफिकेट येऊनही माझा राग गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या साखरप्याजवळच्या एका गावात मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची तर आधी आपल्याला यायला हवी, म्हणून 2024च्या जुलैत 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या उपक्रमाचा) 12 आठवड्यांचा कोर्स घेतला. नावनोंदणी फुकट, पाच मिनिटांत झाली. पहिले सहा आठवडे रात्री मागचं आवरून बसायचं, बुधवारी रात्रीपर्यंत असाइनमेंट भरायची, असे सरळ गेले.

गणपती चार दिवसांवर आले होते. वादळी पावसात आईनाची मोठी फांदी नेटच्या फायबर वायरवर पडली आणि घरातल्या नेटच्या डब्यावरचा 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल झाला. कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, 24 तासांत माणूस येईल." माणूस आला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' मी मेसेज वाचत होते आणि समोर तो लाल दिवा लुकलुकत होता. पुन्हा फोन. "जुनी तक्रार बंद झालीय, नवीन नोंदवते." नवीन नंबर, पुन्हा 24 तास, पुन्हा निराकरण. असं चार वेळा झालं.

लाइनमनवर माझा राग नाही. तो सरळ म्हणाला, "ताई, वायर जोडायचं मशीन एकच आहे, ते रत्नागिरीला गेलंय. आलं की पहिला तुमच्याकडे." भर पावसात शिडी खांद्यावर घेऊन हिंडणारा माणूस तो. राग आहे तो काम न करता तक्रार बंद करणाऱ्यांवर.

इकडे सातव्या आठवड्याची असाइनमेंट डोक्यावर. घरात गौरी-गणपती, पाहुणे. मी प्रश्नांचे फोटो शाळेत असतानाच काढून आणले, रात्री वहीत सोडवले, उत्तरं अ-ब-क-ड करून चिठ्ठीवर लिहिली. आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळते ती वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर. साडेदहाला निघालो. ह्यांनी एका हातात छत्री धरली, दुसऱ्या हातात बॅटरी. पान उघडायला दहा मिनिटं, चिठ्ठीवरची शाई पावसानं पसरत चाललेली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी 'सबमिट' झालं. आठव्या आठवड्याला मात्र सड्यावरही रेंज नव्हती. बारा वाजले, असाइनमेंट गेली. त्या रात्री मी कोर्स सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. याआधी दोन कोर्स असेच अर्ध्यावर राहिले होते.

हा कोर्स तरला तो देवरुखच्या मैत्रिणीमुळे. ती याच कोर्सला होती. दर रविवारी संध्याकाळी आमचा फोन ठरलेला. त्या रविवारी तिनं आठवण करून दिली की 12पैकी सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंटच धरतात, एक गेली म्हणून काही बिघडत नाही. पुढच्या दोन आठवड्यांचे व्हिडिओ तिनं पेनड्राइव्हवर घालून आमच्या सरांबरोबर पाठवले. पायथन लॅपटॉपवर आधीच घातलेलं होतं, प्रोग्राम लिहायला नेट लागत नाही. कोर्स घेताना हा नियम आणि व्हिडिओ उतरवून घ्यायची सोय आधी बघा. कोर्स कितीही चांगला असला तरी ज्यात एक आठवडाही चुकवून चालत नाही, तो गावातल्या माणसानं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेटच्या तक्रारीला शेवटी मैत्रिणीच्या भावानं वाट दाखवली. ट्राय या टेलिफोन-नेट कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या 2012च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्राच्या वर अपील करता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. चारही तक्रारींचे नंबर, चारही 'निराकरणां'च्या तारखा आणि लाल दिव्याचा फोटो घालून मी अपील केलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे सतराव्या दिवशी, मशीन आलं. लाइनमननं तुटलेल्या फायबरची केसासारखी बारीक दोन टोकं सोलून, पुसून मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर दोन रेघा सरकत एकमेकींना भिडल्या. लाल दिवा विझला. 20 मिनिटांचं काम होतं!

आणखी एक, परीक्षेचे 1000 रुपये मी पहिल्याच महिन्यात भरले होते. तेही कामी आलं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा अभ्यास 2019मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. 2017-18मध्ये नाव घालणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी कोर्स पुरा केला, पण पैसे भरून सर्टिफिकेटच्या वाटेला लागलेल्यांत ते प्रमाण 46 टक्के होतं. ज्यांना परवडतं त्यांनी पैसे लवकर भरावेत.

परीक्षा कोल्हापूरला, केंद्रावर जाऊन. दिवाळीच्या तोंडावर पहाटेची एसटी, आंबा घाटात धुकं, दुपारी दोन ते पाच पेपर. असाइनमेंटचे 25 आणि पेपरचे 75 धरून मला 78 मिळाले, सर्टिफिकेटवर 'इलाइट' आणि सिल्व्हर असा शेरा. घरी येऊन पहिला फोन देवरुखला केला. नववीची सात मुलं आता शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे पायथनला बसतात.

बंद दिवसांचे पैसे बिलातून अजून वळते झालेले नाहीत. अपिलाचा नंबर मी जपून ठेवला आहे.