तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याशिवाय, एकट्याने फेझंट

"कुत्रा नाही, जोडीला कुणी नाही. साउथ डकोटात फेझंट मिळेल का?" अमेरिकेतले मराठी मित्र हे नेहमी विचारतात. (फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा, शिकारीचा रानपक्षी.)

मिळतो. मात्र एकट्या माणसाने दहा जणांच्या हाक्याची नक्कल करू नये. फेझंट उडण्याआधी पळतो. मोठ्या गवताळ रानात तो तुमच्या बगलेने मागे निसटतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

म्हणून जागा लहान निवडा: दोन शेतांमधली गवताची पट्टी, कुंपणालगतची झुडपं, पाण्याचा चर, पाणकणसाचा एखादा तुकडा. रुंदी 15-20 मीटरच्या आत हवी आणि एका टोकाला नांगरट किंवा उघडा रस्ता हवा, कारण पळणारा पक्षी उघड्यावर यायला कचरतो आणि तिथेच अडतो. शेजारी मका किंवा ज्वारी असेल तर फारच छान. मोठे गट अशा तुकड्यांकडे बहुधा ढुंकून पाहत नाहीत.

गाडी दूर लावा, दार आपटू नका, फोन बंद ठेवा. वाऱ्याच्या तोंडाला चाला, म्हणजे तुमचा आवाज मागे जातो. 20 पावलं नागमोडी चालायचं आणि मग पूर्ण अर्धा मिनिट थांबायचं. खरी शिकार या थांबण्यात आहे. पावलं वाजत असतात तोवर दबून बसलेल्या पक्ष्याला तुम्ही कुठे आहात ते कळत असतं. आवाज बंद झाला की त्याचा धीर सुटतो. थांबताना डावा पाय पुढे, बंदूक दोन्ही हातांत (डावखुऱ्यांनी उलट). बरेच पक्षी थांबल्यावर किंवा पुढच्या पहिल्या पावलाला उठतात, आणि नेमका तेव्हाच माणूस घड्याळ बघत असतो. पट्टीच्या टोकाला तर एक-दोन मिनिटं थांबाच.

बार सकाळी 10 पासून सूर्यास्तापर्यंतच काढता येतो. त्यातला शेवटचा तास सर्वांत चांगला, कारण पक्षी शेतातून मुक्कामाच्या गवतात परततात. ताजा बर्फ पडला तर पाऊलखुणा कुत्र्याचं निम्मं काम करतात, पण पाणकणसाखालच्या पातळ बर्फावर एकट्याने पाय टाकू नका.

फक्त नर मारायचे, दिवसाला 3. गळ्यातला पांढरा पट्टा, लाल चेहरा, उठतानाचं कर्कश ओरडणं ही खूण. सूर्य समोर असेल तर नर-मादी सारखेच काळे दिसतात. तेव्हा बार काढूच नका.

काडतूस 12 किंवा 20 गेजचं (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप). शिशाचे छर्रे 5 नंबरचे (नंबर लहान तितका छर्रा मोठा). बऱ्याच सरकारी जमिनींवर शिसं चालत नाही, तिथे पोलादी 2 किंवा 3 नंबर. अंतर 30 मीटरच्या आत. कुत्रा असलेल्याला लांबचा बार परवडतो, तुम्हाला नाही. पंख मोडलेला फेझंट जमिनीवर पडताच धावत सुटतो, आणि त्याला हुडकायला तुमच्याकडे नाक नाही. म्हणून बार काढण्याआधी पक्षी कुठे पडेल ते पाहा. नांगरटीवर किंवा तुडवलेल्या गवतावर पडणार असेल तरच घोडा ओढा. दाट पाणकणसावरून जाणारा जाऊ द्या. ज्याला हे जमत नाही त्याने कुत्र्याशिवाय जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्षी पडला की नजर हलवू नका. दुसरा उठला तरी बंदूक तिकडे वळवू नका, नाहीतर दोन्ही हरवतील. पडल्या जागेमागचा खांब किंवा झाड धरून सरळ चालत जा. पक्षी दिसला नाही तर टोपी तिथेच टांगा आणि तिच्याभोवती वाढत्या वर्तुळांत शोधा. गवताचे झुबके पायाने उचकटा, बिळांच्या तोंडाशी वाकून पाहा. तपकिरी गवतात आख्खा नर दिसेनासा होतो, म्हणून आधी पिसं शोधा. निदान अर्धा तास द्या. नाहीच सापडला, तर तो त्या दिवसाच्या तिनांत धरा.

तारेचं कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करा, आणि कुठे जाताय ते घरी सांगून निघा. व्हिसावर असलेल्यांनी शिकारीचा वैध परवाना मिळण्याआधी बंदूक हातातही घेऊ नये. अमेरिकी कायद्याने ते अंगाशी येऊ शकतं. पक्षी घरी नेताना डोकं, पाय किंवा पिसांसकट पंख तसाच ठेवा, म्हणजे तपासणीत नर ओळखता येतो.