कोबोल, घरफाळा आणि ३१ डिसेंबर १९९९

कोल्हापुरात शिकत असताना कोबोल ही प्रोग्रॅम लिहिण्याची संगणकभाषा म्हणजे अभ्यासक्रमातला जुनाट विषय वाटत असे. १९९८ मध्ये मात्र त्याच विषयाच्या बळावर मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका शहराच्या नगरप्रशासनात कामाला लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेने एच-१बी व्हिसाची, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्याची, वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली, आणि आपल्या भागातील पुष्कळ मुले-मुली या वाटेने इकडे आली. १९५९ मध्ये आखलेल्या या भाषेत त्या शहराचा सगळा हिशेब लिहिलेला होता: आपल्या शब्दांत सांगायचे तर घरफाळा, पाणीपट्टी, कर्मचाऱ्यांचे पगार आणि निवृत्तिवेतन.

२००० साल उजाडताना संगणकांपुढे येणारी अडचण काय होती, ते बहुतेकांच्या कानावर आहे. भोके पाडून माहिती नोंदवण्याच्या एका पंच कार्डावर ८० अक्षरे मावत आणि संगणकाची स्मृती अतिशय महाग होती, त्या काळात सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवण्याची पद्धत पडली. मग २००० साल यंत्राला ‘००’ दिसणार आणि ते ९९ च्या आधीचे ठरणार. कोल्हापूर महापालिकेच्या घरफाळा विभागात हयात घालवलेल्या माझ्या काकांना हे फोनवर समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आणि मग थकबाकीवरचं व्याज कसं काढनार त्ये?” आमच्या कामाचे मर्म नेमके तिथेच होते. ९९ साली थकलेला कर ००मध्ये भरला, तर मधला काळ उणे ९९ वर्षांचा निघत होता.

लोकांच्या डोळ्यांसमोर ३१ डिसेंबरची मध्यरात्र होती. आमची मुदत मात्र त्याच्या सहा महिने आधीच संपत होती. अमेरिकेतील अनेक शहरांप्रमाणे या शहराचेही आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असल्याने १ जुलै १९९९ पासूनच्या प्रत्येक अंदाजपत्रकात, करारात आणि कराच्या बिलात ३० जून २००० ही अखेरची तारीख येणार होती.

उपाय दोन होते. पहिला स्वस्त: साठवलेले आकडे तसेच ठेवायचे आणि प्रोग्रॅमला सांगायचे, की ०० ते ४९ म्हणजे २००० ते २०४९ आणि ५० ते ९९ म्हणजे १९५० ते १९९९. बिलांच्या तारखांना हे चालले. जन्मतारखांना चालेना, कारण निवृत्तिवेतनाच्या यादीत १८९८ साली जन्मलेली माणसे हयात होती आणि अवलंबितांच्या यादीत १९९८ साली जन्मलेली बाळेही होती. दोघांच्याही नावापुढे ९८ हेच आकडे होते. तिथे सालाचे चार आकडे करणे भागच होते. तसे केले की नोंदीतील पुढचे सगळे रकाने दोन अक्षरांनी सरकतात, आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच रात्री बदलावा लागतो. एखादा राहिला, तर तो मुकाट्याने चुकीच्या जागेवरून रक्कम वाचत राहतो. थांबत नाही, तक्रारही करत नाही. मला खरी धास्ती याची होती.

या सगळ्यात ज्यांचा आधार सर्वांत मोठा होता, त्या करविभागातील एक ज्येष्ठ बाई होत्या. तिथे सर्वजण त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मला ते शेवटपर्यंत जमले नाही, मी मॅडमच म्हणत राहिले. करसवलतीच्या मुदतीच्या रकान्यात शेकडो मिळकतींपुढे ९९ हे साल होते आणि आम्ही त्याचे १९९९ करण्याच्या बेतात होतो. मॅडमनी यादी पाहून सांगितले, की ही मुदत नव्हे. ज्यांची सवलत कायमची आहे, त्यांच्यापुढे ९९ लिहावे, असे जुन्या लोकांनी ठरवले होते. त्यात प्रार्थनास्थळे होती आणि युद्धात अपंग झालेल्या सैनिकांची घरे होती. प्रोग्रॅममध्ये याची एका ओळीचीही टीप नव्हती. शहराच्या नियमांचे खरे दप्तर अशा माणसांच्या डोक्यात असते. संगणक बदलण्याच्या घाईत त्यांना आधी निवृत्त करणारे प्रशासन स्वतःची स्मृती घालवते, असे माझे ठाम मत तेव्हापासून झाले आहे.

चाचणीसाठी मेनफ्रेमचा, म्हणजे शहराच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाचा, एक भाग वेगळा काढून त्याचे घड्याळ पुढे नेले जाई. ३१ डिसेंबर, २९ फेब्रुवारी आणि २००० सालचा ३६६ वा दिवस या तिन्ही तारखा आम्ही पुन्हा पुन्हा चालवल्या. १०० ने भाग जाणारे वर्ष लीप नसते, हा नियम काही जुन्या प्रोग्रॅममध्ये होता. ४०० ने भाग गेल्यास ते लीप असते, हा पुढचा नियम मात्र नव्हता.

प्रत्यक्ष त्या शुक्रवारी आमच्याकडे दुपारचे दीड वाजले, तेव्हा कोल्हापुरात २००० साल उजाडले. काकांचा फोन लागला, तिकडे दिवे चालू होते. आमच्याकडेही रात्र शांतपणे पार पडली आणि सोमवारी, ३ जानेवारीला कराच्या खिडक्या नेहमीच्या वेळेला उघडल्या. काहीच घडले नाही म्हणजे सगळा बागुलबुवाच होता, असे आजही लोक मला सांगतात. ज्यांनी उणे ९९ वर्षांचे व्याज छापून आलेले चाचणीचे कागद हातात धरले आहेत, त्यांना हे म्हणणे पटणार नाही.

स्वस्त उपायाची मुदतही कायमची नसते. १ जानेवारी २०२० ला न्यू यॉर्कच्या पार्किंग मीटरांनी कार्ड घेणे बंद केले, कारण पैसे भरण्याच्या प्रणालीत घातलेली शेवटची तारीख कोणी पुढे नेली नव्हती. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकाच्या ३२ घरांत, मोजणारी जुनी यंत्रे २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मोजू शकतात आणि त्यानंतर १९०१ सालात जाऊन पडतात. पंप, सिग्नल आणि मीटर यांच्या पोटात अशी यंत्रे पुष्कळ आहेत. त्यांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपेल. तो मंगळवार आहे, आणि कोल्हापुरात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील.