चार गोटे आणि पळसाची फांदी

मी 108 रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. डिसेंबरातली पहाट, चार वाजता कॉल आला. नागपूर-हैदराबाद हायवेवर करंजीच्या अलीकडे ट्रकने उभ्या ट्रेलरला मागून ठोकलंय, ड्रायव्हर फसलाय. धुकं इतकं दाट की आमचे पायलट भाऊ पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून गाडी हाकत होते.

हिंगणघाटहून रुईच्या गाठी भरून तमिळनाडूकडे निघालेला दहाचाकी. ट्रेलर लोखंडाचा, एक्सल तुटून डाव्या लेनमध्ये उभा. धडकेने केबिन समोरून चेपलीच, पण मागच्या गाठीही सरकून तिच्यावर आल्या. एक गाठ 170 किलोची असते. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत तो माणूस होता. क्लीनरचा हात मोडला होता, पण तो चालत होता. ट्रेलरचा ड्रायव्हर कडेला उकिडवा बसून एकच सांगत होता, "पत्थर रखे थे मॅडम, डाल भी रखी थी."

खरंच ठेवले होते. चार गोटे आणि पळसाची एक फांदी. असल्या धुक्यात ते दिसायचे कधी? अगदी चाकाखाली आल्यावर. चमकणारा त्रिकोण प्रत्येक ट्रकमध्ये असावा असा नियम आहे. या ट्रेलरमध्ये नव्हता, आणि मागच्या रिफ्लेक्टर पट्ट्या चिखलाने झाकलेल्या. मला अजून राग येतो.

फसलेला ड्रायव्हर शुद्धीवर होता. दोन्ही पाय डॅशबोर्डखाली दाबलेले. मी खिडकीतून अर्धी आत शिरले, मानेला कॉलर बांधला, ऑक्सिजन लावला. सलाइन लावताना आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाइनची, बाटली बाजूला ठेवली. पाय बराच वेळ दाबलेला राहिला की स्नायू मरू लागतात, आणि दाब सुटताच त्यांतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं. बोलताबोलता हृदय थांबू शकतं. आरएलमध्ये आधीच पोटॅशियम असतं, म्हणून साधं नॉर्मल सलाइन. बाहेरचे सगळे तो कधी सुटतो याची वाट पाहत होते. मला भीती त्याच क्षणाची होती.

गॅरेजवाला पोरगा गॅस कटर घेऊन धावत आला. त्याला नको म्हणावं लागलं. खाली डिझेल गळत होतं, वर रुई. गाठीत ठिणगी शिरली तर ती आतल्या आत धुमसते, वरून पत्ताही लागत नाही. तेव्हा एक म्हातारे शेतकरी पुढे झाले, "मंग साखळी लावू नं जी, ट्रॅक्टर आहे माह्यापाशी."

हायड्रा क्रेन आली. तिने आधी ट्रक इंचाइंचाने मागे घेतला, मग साखळी स्टीअरिंगच्या दांड्याला बांधून ट्रॅक्टरने सगळं पुढे ताणलं. गावातला एक पोरगा तोवर सलाइनची बाटली वर धरून उभा होता. हात भरून आला तरी त्याने तो खाली केला नाही. मध्येच हळूच विचारलं, "मॅडम, पोलिसात आमचं नाव तं नाही येणार नं?" मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, हे 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातच लिहिलेलं आहे. मी त्याला तसं सांगितलं. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

ड्रायव्हरला तमिळ येत होतं, मला नाही. तोडक्या हिंदीत तो पुन्हापुन्हा विचारी, "पैर है ना?" मी हो म्हणत राहिले.

सहाच्या सुमारास पाय मोकळे झाले. मॉनिटरवरची रेघ एकदा डगमगली, मग सावरली. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला पोचेपर्यंत मी त्या रेघेवरून डोळे काढले नाहीत. तो जगला. दोन दिवसांनी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, डावा वाचला.

परतताना ऊन पडलं होतं. ट्रक, ट्रेलर हलवलेले, वाहनं भरधाव चाललेली. गोटे मात्र तसेच लेनमध्ये पडून. एक मोटरसायकलवाला त्यांना चुकवताना आमच्यासमोर झोकांडला. पायलट भाऊंनी गाडी कडेला घेतली, लाल दिवा चालू ठेवला. ते दोन उचलून नालीकडे गेले, मी दोन उचलले. फांदी ट्रकांच्या चाकांखाली केव्हाच चेंदली होती.